‘आपल्या हातात’ म्हणजे नक्की कुणाच्या?

संध्याकाळचे सात वाजतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही बंद होतात, मोबाइल बाजूला ठेवले जातात. पुढचा दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी काहीतरी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी गप्पा मारायच्या. साडेआठला पुन्हा सगळं सुरू. कोरोनाच्या काळात शाळेसाठी म्हणून मुलांच्या हातात आलेला फोन शाळा उघडल्या तरी सुटेना, म्हणून २०२२ मध्ये गावाने हा उपाय काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने दुसरा मार्ग घेतला. तिथल्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी मोबाइलबंदीचा ठराव केला.

या बातम्या तुम्ही तेव्हा वाचल्या असतील. त्यावर आपल्या घरांत जी चर्चा झाली, ती आपल्याला तोंडपाठ आहे. ‘बरोबर केलं, पोरं वाया चाललीत’ असं एका बाजूने, ‘बंदीने काय होतंय?’ असं दुसऱ्या बाजूने. खरं तर हा वाद आपण शाळेतच सोडवून आलोय. ‘मोबाइल : शाप की वरदान’ हा निबंध कुणी लिहिला नाही? अर्धं पान शाप, अर्धं पान वरदान आणि शेवटी ते हुकमी वाक्य, ‘त्याचा वापर कसा करायचा, हे शेवटी आपल्याच हातात आहे.’ दहापैकी सात मार्क पक्के.

मी मास कम्युनिकेशन शिकले. त्यात समाजशास्त्राचा एक पेपर होता आणि त्या पेपरने माझ्या या लाडक्या वाक्याची पार वाट लावली. कारण समाजशास्त्र पहिला प्रश्न तिथेच विचारतं. ‘आपल्या हातात’ म्हणजे नक्की कुणाच्या हातात?

दोन वेळापत्रकं

वडगावातली वेळ सात ते साडेआठ. आता दुसरी वेळ बघा, संध्याकाळी सहा ते रात्री दहा.

केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात २०१९ मध्ये नियम होता की या चार तासांत फोन वापरायचा नाही. बीए इंग्रजीला असलेल्या फहिमा शिरीनने नियम मानायला नकार दिला. अभ्यासाचं बरंचसं साहित्य फोनवरच असतं, हे तिचं म्हणणं. मुलांच्या वसतिगृहाला असा नियम नाही, हेही तिने मांडलं. तिला वसतिगृह सोडायला सांगण्यात आलं. ती केरळ उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि तिला वसतिगृहात परत घ्यायला सांगितलं.

आता वडगाव, बांशी आणि हे वसतिगृह शेजारी-शेजारी ठेवा. तिन्हीकडे फोन बंद. निबंधाच्या हिशेबाने तिन्ही गोष्टी सारख्याच, फोनपासून सुटका. पण वडगावात नियम लहानमोठ्या सगळ्यांना लागू होता. बांशीत मोठ्यांनी ठरवलं आणि पाळायचं मात्र लहानांनी. वसतिगृहात व्यवस्थापनाने ठरवलं आणि पाळायचं अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मतदान करू शकणाऱ्या मुलींनी. नियम कुणी केला, कुणासाठी केला आणि मोडला तर काय गमवावं लागतं, हे विचारलं की तीन गोष्टी तीन वेगळ्या दिसायला लागतात.

इंटरनेटकडे समाजशास्त्राच्या नजरेने बघायचं म्हणजे एवढंच. यंत्र तेच असतं, त्याच्याभोवतीची माणसं आणि त्यांचे अधिकार बघायचे.

शंभरातले किती?

सी. राइट मिल्स नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. १९५९ च्या एका पुस्तकात त्याने एक साधा फरक सांगितला. शहरात एकाच माणसाला नोकरी नसेल तर ती त्याची अडचण, त्याच्यात काय कमी आहे ते बघावं. पण लाखो लोकांना नोकरी नसेल तर दोष त्या लाखोंच्या स्वभावात शोधून उपयोग नाही, तो समाजाच्या रचनेचा प्रश्न झाला.

हे आपल्या फोनला लावून बघा. ‘मला रील्स बघणं सोडवत नाही’ ही तुमची अडचण वाटते. पण अख्ख्या वर्गाला सोडवत नसेल तर? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये पडायचे आणि तो महिनाभर पुरवून वापरायचा असायचा. त्यानंतर तेवढा डेटा दिवसाला मिळायला लागला. अ‍ॅप बनवणाऱ्यांचा धंदा तर तुम्ही किती वेळ थांबता यावरच चालतो. एवढं सगळं बदललेलं असताना फक्त तुमच्या मनोनिग्रहाचे मार्क काढणं बरोबर नाही.

आता उलटी बाजू. माझी बॅच २०२१ ची, जिची बारावीची परीक्षाच रद्द झाली. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील. ‘ऑनलाइन शिक्षण सुरू आहे’ हे वाक्य आपण दोन वर्षं ऐकलं. पण त्याआधीच झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतातल्या दर शंभर घरांपैकी फक्त १५ घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ घरांत. आणि घरात सोय असणं म्हणजे तुमच्या हातात असणं नव्हे. घरात एकच फोन असेल तर तो सकाळी बाबांबरोबर कामावर जातो आणि लेक्चरही त्याच्याबरोबर जातं.

आपल्या महाराष्ट्राचा आकडा घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना आणि पुरुषांना विचारलं होतं, ‘तुम्ही कधी इंटरनेट वापरलंय का?’ पुरुषांपैकी ६१.५ टक्के ‘हो’ म्हणाले, बायकांपैकी ३८ टक्के. प्रश्नातला ‘कधी’ हा शब्द पुन्हा वाचा. रोज वापरता का, असं विचारलेलं नाही. आयुष्यात एकदा तरी वापरलंय का, असं विचारलंय आणि तरी शंभरातल्या ६२ जणी ‘नाही’ म्हणाल्या. हे कोरोना यायच्या जरा आधीचं चित्र. तेव्हापासून आकडे नक्कीच वर गेले असणार. पण दरीची सुरुवात कुठून झाली, ते यातून कळतं.

माझ्या घरातला एक आठवडा

आकडे वाचून आपण हळहळतो आणि पुढच्या पानावर जातो, कारण ती गोष्ट ‘त्यांची’ असते. म्हणून या लेखाच्या निमित्ताने मी एक प्रयोग केला. सात दिवस एक वही घेऊन घरातले फोन बघितले. फोनमधलं काही बघितलं नाही. फोन कुठे असतो, कुणाच्या हातात असतो, कधी आणि कशासाठी, एवढंच लिहिलं.

घरात माणसं चार, फोनही चार. म्हणजे सर्वेक्षणाच्या हिशेबात आमचं घर उत्तम. माझ्या फोनला फिंगरप्रिंट, दादाच्या फोनला चेहरा लागतो. बाबांचा फोन टीव्हीखालच्या फळीवर चार्जिंगला असतो, त्याला लॉक नाही, पण त्याला कुणी हात लावत नाही. आईचा फोन म्हणजे दादाचा जुना फोन. तोही बिनलॉकचा. फरक एवढाच की त्याला सगळे हात लावतात. ‘आई, जरा फोन दे गं, माझी बॅटरी संपलीय.’ सात दिवसांत हे वाक्य मी अकरा वेळा नोंदवलं. त्यातलं चार वेळा माझंच होतं. आईने आमच्यापैकी कुणाचा फोन एकदाही मागितला नाही.

दुसरी नोंद. आमच्या घरात एक ठरलेलं वाक्य आहे, ‘आई पण ना, सारखी फोनमध्ये असते!’ मी वहीत तिच्या ‘सारखी’चा हिशेब मांडला. गॅस सिलिंडरचा ओटीपी. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कधी येणार त्याचा मेसेज. भिशीचे पैसे कुणाचे आले, कुणाचे राहिले. आत्याच्या नातवाचा वाढदिवस, मग बाबांना ‘अहो, फोन करा’ अशी आठवण. लाइटबिल. माझ्या कुरिअरवाल्याला पत्ता समजावणं. स्वतःसाठी म्हणून ती फोन घेऊन बसते ती भांडी आवरल्यावर, सव्वादहाला. ओट्यापाशी स्टूल ओढून, आवाज अगदी बारीक करून रांगोळीचे आणि रेसिपीचे व्हिडिओ. अर्धा तास. घर चालवण्याचं काम आम्ही तिच्या फोनवर ढकललं होतं आणि वर तिलाच फोनवेडी म्हणत होतो.

एका घरावरून समाजाचा सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. तसा मांडतही नाहीये. पण ‘फोन आपल्या हातात आहे’ असं जिथे मी डोळे झाकून म्हटलं असतं, त्या माझ्याच घरात हात चार तऱ्हेचे निघाले.

एकाच वाटेवरच्या वेगळ्या दिंड्या

हे झालं घरातलं. आता घराबाहेर, म्हणजे तुमच्या प्रोफाइलवर येऊ.

तुमच्यापैकी किती जणांची इन्स्टाची दोन अकाउंट्स आहेत? स्टोरी टाकताना किती जण काका, मामी आणि शेजारच्या ताईंना हळूच वगळतात? यात लाजण्यासारखं काही नाही. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच लिहून ठेवलंय की आपण सगळेच रोजच्या आयुष्यात रंगमंचावर एक असतो आणि विंगेत दुसरे. कट्ट्यावरची भाषा आपण आजीसमोर बोलत नाही. फोनने अडचण अशी केली की कट्टा, आजी, होणारे बॉस आणि कॉलेजच्या मॅडम या सगळ्यांना एकाच प्रेक्षागृहात आणून बसवलं. मग आपण नवी विंग बांधतो, क्लोज फ्रेंड्स, प्रायव्हेट अकाउंट, टोपणनाव. त्याला मोठी माणसं लपवाछपवी म्हणतात. अभ्यासक म्हणतात, ही खासगीपणाची गरज आहे.

पण काही गोष्टी विंगेत ठेवता येत नाहीत. आडनाव, उदाहरणार्थ. इंटरनेट नवीन होतं तेव्हा अनेकांना वाटलं होतं की इथे कुणी कुणाला जात विचारणार नाही. आज लग्नाच्या वेबसाइट्सवर जात निवडायला आयती यादी मिळते. आपापल्या समाजाच्या अभिमानाची रील्स, डीपी, स्टेटस तर रोजचेच. काही जण बायोतून आडनाव मुद्दाम काढतात, काही मुद्दाम ठळक लावतात. दोघांकडेही कारणं असतात आणि ती सहसा इंटरनेटच्या कितीतरी आधीची असतात.

इथे मला इरावती कर्वे आठवतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या या मानववंशशास्त्रज्ञ पंढरीच्या वारीत स्वतः चालल्या आणि जे दिसलं ते लिहिलं. सगळे एकाच वाटेने, एकाच विठोबाकडे चाललेले, तरी जातीप्रमाणे माणसं वेगळी चालत होती आणि पंगतीही वेगळ्या बसत होत्या, ही गोष्ट त्यांना टोचली. आता तुमच्या फोनमधले ग्रुप उघडा आणि बघा. नेट सगळ्यांचं एकच आहे. दिंड्या कशा पडल्यात?

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ज्यांना इतरांच्या पेपरात जागा नव्हती, त्यांचा आवाज मांडण्यासाठी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं. त्याचंच नाव घेऊन मीना कोतवाल या पत्रकार महिलेने २०२१ मध्ये ‘द मूकनायक’ ही वृत्तवाहिनी सुरू केली, ती इंटरनेटवरच. छापखाना लागला नाही. तेव्हा नेट जातीच्या भिंती पाडतं की उंच करतं, याला एका शब्दात उत्तर नाही. कोण वापरतंय आणि कशासाठी, तेच पुन्हा विचारावं लागतं.

राईनपाडा

हे सगळं फक्त अभ्यासापुरतं आहे असं वाटत असेल, तर १ जुलै २०१८ ची घटना वाचा.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटपेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करता येणार नाही, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आली. तुमच्या फोनमध्ये फॉरवर्ड करताना आजही जी अडवणूक होते, तिच्यामागे अशा घटना आहेत.

हा उपाय गरजेचा होता, यात वाद नाही. पण तो यंत्राचा उपाय आहे. अफवा तर सगळ्यांच्याच फोनवर आली होती. त्या दिवशी बाजारात परगावची माणसं इतरही असतील. संशय याच पाच जणांवर का आला? कारण ते भटके होते, भिक्षा मागत होते, त्यांची बाजू घ्यायला तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. भटक्यांवरचा संशय या देशात व्हॉट्सअ‍ॅपने आणलेला नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये रद्द झाला. नजर मात्र रद्द झाली नाही. फोनने अफवा पोचवली, ती कुणावर चिकटवायची हे समाजाला आधीच माहीत होतं. फॉरवर्डच्या बटणावर मर्यादा घालता येते, या नजरेवर कुठलं अ‍ॅप मर्यादा घालणार?

‘वापर आपल्या हातात आहे’ हे वाक्य राईनपाड्याला लावून बघा. मला तरी ते लावता येत नाही.

वही घ्या

हा विषय शिकायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या डॅनियल मिलर यांनी सोशल मीडियाचा मोठा अभ्यास केला. त्यात नऊ अभ्यासक जगातल्या नऊ ठिकाणी प्रत्येकी पंधरा महिने जाऊन राहिले. त्यातलं एक ठिकाण तमिळनाडूतलं, चेन्नईजवळचं, जिथे जुन्या गावांशेजारी आयटी पार्क उभे राहिलेत. श्रीराम वेंकटरामन यांनी तिथे केलेल्या अभ्यासाचं पुस्तक २०१७ मध्ये आलं आणि ते नेटवर फुकट वाचता येतं. आपल्या जवळ म्हणाल तर मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ पासून आहे, देशातला सगळ्यात जुना. पण कुठेही प्रवेश घ्यायच्या आधी घरी किंवा हॉस्टेलवर एक आठवडा वही घेऊन बसा. प्रश्न पाचच.

१. घरातला प्रत्येक फोन कुणाच्या पैशाचा आहे आणि तो आधी कुणाचा होता?

२. कुणाचा फोन कुणीही मागू शकतं आणि कुणाच्या फोनला कुणी हात लावत नाही?

३. ‘फोन ठेव’ असं कोण कुणाला म्हणतं? उलट कधी होतं का?

४. फोनवर कोण काम करतं आणि कोण वेळ घालवतं? तुम्ही समजत होतात तसंच निघालं का?

५. तुमच्या ग्रुपवर शेवटचा आलेला संशयाचा मेसेज कुणाबद्दल होता? ती माणसं त्या ग्रुपमध्ये होती का?

एक पथ्य पाळा. कुणाचे मेसेज वाचू नका, स्क्रीनशॉट काढू नका, विचारल्याशिवाय कुणाचं काही छापू नका. मी आईला या लेखातला तिचा भाग वाचून दाखवला आणि छापू का विचारलं. ती म्हणाली, ‘छाप की. निदान आता कुणी मला सारखी फोनमध्ये म्हणणार नाही.’

परवा रात्री सव्वादहाला माझी बॅटरी संपली. सवयीने मी ओट्याकडे वळले. ती स्टुलावर बसून व्हिडिओ बघत होती. मी चार्जर शोधला.